पांढरं औषध

१

लेक पायलने खालच्या टपरीवरून आणलेला चहा गार व्हायच्या आत सिंधूताई सरकटे गेल्या होत्या.

मेहकरात चिखली रस्त्याला डॉ. ज्ञानेश्वर लहाने यांचं कर्करोग केंद्र होतं. खाली तपासणीची खोली आणि औषधांचं दुकान, माडीवर चार खाटा. लोणारपासून सिंदखेड राजापर्यंतचे रुग्ण तिथे यायचे, सलाइनमधून औषध घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परतायचे. सिंधूताई निवृत्त शिक्षिका. हिवरा आश्रमाजवळच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. छातीच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर त्या इथे चौथ्यांदा औषध घ्यायला आल्या होत्या. आधीच्या तिन्ही वेळा औषध संपल्यावर लेकीसोबत बाजारात जाऊन भाजी घेऊन त्या घरी गेल्या होत्या.

डॉक्टरांनी मृत्यूच्या कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं. पायलने तो कागद घेतला नाही. ती तशीच पायी पोलीस ठाण्यात आली.

फौजदार समता तायडे यांच्यापुढे दवाखान्याच्या तक्रारी नव्या नव्हत्या. माणूस गेलं की घरच्यांना कोणीतरी दोषी हवं असतं, हे त्या पाहत आल्या होत्या. पण पायल रडत नव्हती, ओरडत नव्हती. समोरच्या खुर्चीवर बसून ती म्हणाली, "माझ्या आईचा गळा आवळला गेला. कोणी हात लावला नाही, तरी आवळला गेला. मी हे आधी एकदा पाहिलंय."

"आधी कुठं?"

"अकोल्याला. तिचं पहिलं औषध तिथं झालं. जुन्या प्रकारचं होतं. बाटली सुरू झाली आणि चेहरा लाल झाला, श्वास अडकला. तेव्हा तिथल्या लोकांनी तिला कशीबशी वाचवली. म्हणून लहाने डॉक्टरांनी नवं औषध सुरू केलं. जुनं पुन्हा कधीही द्यायचं नाही, असं फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहिलंय." पायलने खुर्ची पुढे ओढली. "आज जे झालं, ते डिट्टो तेच होतं."

समतांनी शवविच्छेदन करून घेतलं. अहवाल आला : घसा आतून सुजून श्वासमार्ग बंद. पायल खरं बोलत होती.

पण खाटेशेजारच्या ट्रेमधून जप्त केलेल्या बाटलीचाही अहवाल आला. तिच्यात नवं औषधच होतं, अगदी अस्सल. ज्याने मरण आलं म्हणावं, ते जुनं औषध त्या खोलीत कुठेच नव्हतं.

२

डॉ. लहाने पन्नाशीचे, थकलेले गृहस्थ होते. चार दिवसांत त्यांची माडी ओस पडली होती.

"जुनं आणि नवं म्हणजे काय, मला नीट सांगा," समता म्हणाल्या. "मला यातलं काही कळत नाही असं समजून सांगा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "औषध दोन्हींत एकच आहे मॅडम. फरक वाहनाचा आहे. हे औषध पाण्यात विरघळत नाही. म्हणून जुन्या प्रकारात ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात मिसळतात. काहींच्या शरीराला ते द्रावकच सोसत नाही. सिंधूताई त्यांतल्या. नव्या प्रकारात द्रावकच नाही. आपल्या रक्तात असतं तसं प्रथिन घेतात आणि त्याच्या अतिसूक्ष्म कणांत औषध बसवतात. केसाच्या जाडीपुढे तो कण म्हणजे कडुलिंबाच्या खोडापुढे मुंगी. हे कण रक्ताबरोबर वाहत गाठीपर्यंत जातात. याला नॅनो औषध म्हणतात."

"मग रक्त तपासून कोणतं दिलं ते कळेल?"

"रक्तात औषध सापडेल. ते दोन्हींत सारखंच. त्यातून काही सिद्ध व्हायचं नाही."

"हृदय बंद पडलं, असं तुम्ही का लिहिलंत?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "घाबरलो. बाटली पाहिली, औषध बरोबर होतं. मग दुसरं काय असणार, असं स्वतःला समजावलं." त्यांनी मान खाली घातली. "खरं सांगू? मी वर पोचलो तेव्हा अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन मागितलं. अशा वेळी तेच प्राण वाचवतं. तातडीच्या पेटीत ते कायम असतं. त्या दिवशी पेटीत नव्हतं. खालून दुकानातून आणेपर्यंत उशीर झाला होता."

"पेटी कोण भरतं?"

"छाया. आमची नर्स. पण मॅडम, छायाबद्दल मनात काही आणू नका. ती सिंधूताईंची विद्यार्थिनी. त्या दिवसापासून ती जेवलेली नाही."

३

त्या दिवशी शेजारच्या खाटेवर रुखमाबाई होत्या. लोणारच्या अलीकडे त्यांचं गाव. समता गेल्या तेव्हा त्या ओट्यावर बसून तूर पाखडत होत्या. डोक्यावरचे केस गेलेले, त्यावर पदर घट्ट ओढलेला. त्यांचे यजमान शेषराव यांनी खुर्ची आणून ठेवली आणि ते दारातच उभे राहिले.

"सिंधूबाई लय मोठ्या मनाची बाई व्हती," रुखमाबाई म्हणाल्या. "मले म्हणे, घाबरू नको, आपलं दोघीचं औषध एकच हाय. डाक्तरबी म्हणे, नवं औषध हाय, भारी हाय. एका संस्थेनं माह्यावाल्या औषधाचा खर्च उचलला ना, नाहीतं आमाले कुठून झेपते?"

"त्या दिवशी तुम्ही काय पाहिलं, मावशी?"

"माह्यी बाटली लागाची व्हती. छायानं पहिले तिचीच लावली. बाटलीवर काळा कागद गुंडाळेल व्हता."

"नेहमी असतो का कागद?"

"नाही. तिची बाटली मी तीनदा पाह्यली ना. दुधावानी पांढरी दिसे. माह्यी पाण्यावानी. माणसा-माणसाची तब्येत अलग, औषधबी अलग दिसत असन." त्यांनी सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "मंग छायानं तिच्या हातावर शाल टाकली. एसीची थंडी वाजते म्हणे. पोरगी मायाळू हाय. मलेबी बाटलीच्या पहिले दोन सुया देते, मंग मस्त झोप लागते. त्रास म्हणून काई होत नाही."

"सिंधूताईंनाही त्या दोन सुया द्यायची?"

"तिले नाही. कधीच नाही. तिले गरज नव्हती म्हणे."

समतांनी हे सगळं ऐकून घेतलं. निघताना शेषराव गाडीपर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, येक सांगू काय? मांगच्या खेपेले सिंधूबाईचं खाली दुकानात भाऊरावसंग भांडण झालं व्हतं. माह्या समोर. मी तिथं गोळ्या घेऊन राह्यलो व्हतो. बाई लय तापली व्हती."

"कशावरून?"

"माह्यी मालकीण कोणतं औषध घेते, त्याची कुपी दाखव म्हणे."

४

भाऊराव केंद्राच्या खालचं औषधांचं दुकान चालवत. समतांना पाहताच त्यांनी गल्ल्यावरचं गिऱ्हाईक घाईने वाटेला लावलं.

"भांडण नाही हो मॅडम. बाई शिक्षिका, त्यांचा आवाजच तसा." त्यांनी कपाळ पुसलं. "रुखमाबाईची कुपी दाखव म्हणाल्या. मी म्हटलं, दुसऱ्या पेशंटचं औषध मी तुमाले कसं दाखवू? त्या हटल्या नाहीत. शेवटी दाखवली. सीलबंद, आत पांढरी भुकटी. अस्सल नॅनो औषध. कंपनीकडून येतं तसं मी वर पाठवतो."

"वर कोणाच्या हातात?"

"छायाच्या. भुकटी कालवायची खोली वरच आहे. ती एकटीच करते. चूक होऊ नये म्हणून दुसऱ्याला आत जाऊ देत नाहीत."

"कुपी पाहून सिंधूताई काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. एवढ्या तापलेल्या बाई एकदम गप झाल्या. जिन्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, भाऊराव, माफ करा, मी तुमच्यावर उगीच संशय घेतला."

छाया वर कालवायच्या खोलीत होती. काचेचं कपाट पुसत होती, जे पुसायची काही गरज नव्हती. अडतिशीची बाई, डोळे सुजलेले.

"बाईंनी मला नववीला शिकवलं," ती म्हणाली. "नर्सिंगचा फॉर्म त्यांनीच भरून घेतला. वडील नको म्हणत होते, तर घरी येऊन बसल्या. आणि मॅडम, त्यांना मीच शेवटची सुई टोचली."

"काळा कागद कशासाठी होता?"

"उजेडानं औषध खराब होऊ नये म्हणून."

"आधीच्या तीन वेळा नव्हता."

"ऊन वाढलंय ना. खिडकी पश्चिमेची आहे." उत्तर तयार होतं, आणि वावगंही वाटत नव्हतं.

"आणि तातडीच्या पेटीतलं इंजेक्शन?"

"आदल्या दिवशी एका पेशंटला लागलं. नवीन भरायचं राहून गेलं." तिने तोंडाला पदर लावला. "ते मी विसरले. त्याची जी शिक्षा असेल ती द्या."

समता जिना उतरल्या. विसरभोळेपणा हा गुन्हा होता, पण खून नव्हता. आणि बाटली तर अस्सल होती. ठाण्यात आल्या तेव्हा पायल बाकावर वाट पाहत बसली होती. हातात मोबाइल.

"मला हे पाहायचं धाडस होत नव्हतं," ती म्हणाली. "आज पाहिलं. बाटली लावल्यावर मी आईचा व्हिडिओ काढला होता. माझ्या मुलीला पाठवायला. मग मी चहा आणायला गेले."

५

व्हिडिओ लहानसाच होता. सिंधूताई खाटेवर टेकून बसलेल्या, चष्मा उशीशी काढून ठेवलेला, अंगावर लालसर शाल. वर काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली. पायलचा आवाज येतो, "आई, परीला टाटा कर." सिंधूताई हसून हात उचलतात. शाल घसरते. मनगटाजवळची नळी शालीवर दिसते. लगेच छायाचा हात चौकटीत येतो आणि शाल पुन्हा वर ओढतो.

समतांनी तो दोनदा पाहिला. मग विचारलं, "आधीच्या खेपेचा एखादा फोटो आहे?"

पायलने शोधून दिला. तीच खाट, तोच हात. कागद नसलेली पांढरीशुभ्र बाटली. आणि तिच्यापासून मनगटापर्यंत उतरत आलेली नळी, कापसाच्या वातीसारखी पांढरी.

समतांनी व्हिडिओ पुन्हा थांबवून मोठा केला. शालीवरच्या नळीतून शालीचा लाल रंग आरपार दिसत होता.

बाटलीला कागद गुंडाळता येतो. नळीला गुंडाळता येत नाही. तिच्यावर शाल टाकावी लागते.

त्यांनी तिथूनच डॉ. लहाने यांना फोन लावला. दोनच गोष्टी विचारायच्या होत्या.

"डॉक्टर, नवं औषध कालवल्यावर उजेडापासून झाकावं लागतं?"

"नाही. खोलीतल्या उजेडात काही होत नाही."

"रुखमाबाईंना औषधाआधी दोन इंजेक्शनं द्यायला तुम्ही सांगितली होती?"

"छे. ती जुन्या औषधाआधी देतात. द्रावकाचा त्रास होऊ नये म्हणून एक स्टेरॉइड, एक अ‍ॅलर्जीचं. त्यानं गुंगी येते. नव्या औषधाला त्यांची गरजच नसते. त्यांच्या कागदावर तसं काही..." डॉक्टरांचा आवाज मध्येच थांबला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मॅडम, रुखमाबाईंना कोणतं औषध दिलं जातंय?"

"तेच विचारायला मी येतेय," समता म्हणाल्या. "तोवर छायाला कुठं जाऊ देऊ नका. आणि तिला काही बोलूही नका."

६

माडीवरच्या खोलीत चारही खाटा रिकाम्या होत्या. डॉक्टर खिडकीशी उभे होते, भाऊराव दाराशी. छाया एका खाटेच्या कडेला बसली होती. समतांनी मोबाइल तिच्यापुढे धरला नाही. तो त्यांनी टेबलावर उपडा ठेवला.

"रुखमाबाईंच्या नावानं नवं औषध येत होतं, आणि त्यांना जुनं दिलं जात होतं," समता म्हणाल्या. "दुधाची जागा पाण्यानं घेतली होती, आणि ते पाहणारी एकच व्यक्ती या खोलीत होती. शेजारच्या खाटेवरची विज्ञानाची शिक्षिका. पांढरं का दिसतं हे तिनं नक्की समजून घेतलं असणार. कण असले की उजेड अडतो. कण नसले की नळी काचेसारखी. तिला आधी भाऊरावांचा संशय आला. खाली जाऊन कुपी पाहिली, तर आत भुकटी. म्हणजे दुकानातून निघताना औषध खरं होतं. बदलत होतं ते जिन्याच्या वर."

भाऊरावांनी दारातून जिन्याकडे पाहिलं.

"वर दोघं. डॉक्टर आणि छाया. मी डॉक्टरांचा विचार केला. पण रुखमाबाईंना दरवेळी दोन सुया मिळत होत्या आणि त्या कागदावर नव्हत्या. डॉक्टर चोर असते तर त्यांनी त्या सरळ लिहिल्या असत्या. काहीही कारण दाखवता आलं असतं, त्यांना कोण विचारणार? न लिहिता तोच देतो, ज्याला लिहायचा अधिकार नाही." समता छायाकडे वळल्या. "तू सावध चोर होतीस. औषध बदलायचीस, पण माणूस मरू नये याची काळजी घ्यायचीस. फक्त एकदा ती काळजी घेतली नाहीस. ज्या बाईला त्या सुयांची सगळ्यांत जास्त गरज होती, तिला जुनं औषध त्यांच्याशिवाय लावलंस. पेटीतलं इंजेक्शन काढून ठेवलंस. आणि धावपळीत ती बाटली नळीसकट उतरवून खरी बाटली ट्रेमध्ये ठेवलीस. ती तू आधीच कालवून ठेवली होतीस."

डॉक्टरांनी खिडकीचा गज धरला. "छाया, नाही म्हण," ते म्हणाले.

छाया नाही म्हणाली नाही. ती आपल्या हातांकडे पाहत होती. बोलायला लागली तेव्हा दवाखान्यातली भाषा गळून पडली होती.

"पहिल्यांदा घरासाठी केलं, भारी कुपी इकली, सस्तं जुनं आणलं. नवरा गेला, पोराचं शिक्षण. मंग सवय पडली. जुनंबी औषधच हाय, मी मनाले सांगे. कोणी मरून नाही राह्यलं. रुखमाबाईची गाठ तं कमी झाली."

"सिंधूताईंना कधी कळलं?"

"मांगच्या खेपेले. मले बाजूले बोलावलं. रागावल्या नाहीत. म्हणे, छाया, मी कोणाले सांगत नाही. वर्गातबी मी कोणाचं नाव घेत नव्हती, ज्यानं केलं त्यानं सोता उभं राहाचं. पुढच्या खेपेच्या पहिले तू डाक्तरले सांग. मी तुह्या संग येतो." छायाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आदल्या दिवशी फोन आला त्यांचा. म्हणे, उद्या दोघी मिळून जाऊ डाक्तरकडं. त्याईले वाटे, मी तयार होऊन राह्यली."

खाली रस्त्यावरून एस.टी. गेली.

"त्यांना कळलं?" समतांनी विचारलं. हा प्रश्न तपासाचा नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"श्वास अडकला तवा शाल त्याईनंच बाजूले केली. नळीकडं पाह्यलं. मंग माह्याकडं." छायाने डोळे मिटले. "बोलता येत नव्हतं त्याईले. माह्या हाताले धरून ठेवलं व्हतं. मले वाटते, त्या मदतच मागून राह्यल्या व्हत्या. माह्याकडंच."

तिच्या घरच्या कपाटात नॅनो औषधाच्या सीलबंद कुप्या सापडल्या. त्यांच्यावरचे क्रमांक रुखमाबाईंच्या बिलांवरचे होते.

७

केंद्राला सील लागलं. डॉ. लहाने यांचा परवाना चौकशी होईपर्यंत थांबवला गेला. पायलने आईची राख नदीत सोडली नाही. शाळेच्या आवारात आंब्याचं रोप लावून त्याच्या मुळाशी घातली. समता तिथे मागे उभ्या राहून परतल्या.

पुढच्याच आठवड्यात रुखमाबाई आणि शेषराव ठाण्यात आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत दवाखान्याची फाइल होती.

"पोरी, माह्या बाटलीची तारीख निंघून गेली," रुखमाबाई म्हणाल्या. "दवाखान्याले कुलूप हाय. आता कुठं जाऊ?"

समतांनी त्यांना बसवलं आणि जे खरं होतं ते सांगितलं. की त्यांच्या नावाचं भारी औषध त्यांना कधी मिळालंच नाही. जे मिळालं ते जुनं होतं. पण तेही औषधच होतं, ते खोटं पाणी नव्हतं.

रुखमाबाईंनी ऐकून घेतलं. शेषरावांनी फाइलची पिशवी घट्ट धरली.

"तिनं त्या सुया दिल्या नसत्या तं मीबी तशीच गेली असती काय?"

"सांगता येत नाही. कदाचित."

"म्हंजे मले तिनं सांभाळलं," रुखमाबाई सावकाश म्हणाल्या, "अन् माह्यासाठी भांडली तिले मारलं. मी आता कोणाले शिव्या देऊ?"

समतांनी अकोल्याच्या एका रुग्णालयात फोन लावला. मग दुसऱ्या. मग ओळखीच्या एका अधिकाऱ्याला मध्ये घातलं. रुग्णालयातली फोनवरची मुलगी चांगली होती, तिने मनापासून शोधलं. जागा होती ती पुढच्या महिन्याच्या शेवटची. मेहकरचं केंद्र बंद झाल्यापासून सगळी गर्दी तिकडेच आल्याचं तिने सांगितलं.

समतांनी फोन ठेवला आणि तारीख सांगितली.

रुखमाबाईंनी पदराखाली हात नेला. छातीवर जिथे गाठ होती तिथे बोटं टेकवली आणि डोळे मिटून, अंदाज घ्यावा तशी चाचपत राहिल्या.

"तोवर थांबन काय हे?" त्यांनी विचारलं.

शेषराव समतांकडे पाहू लागले. समतांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.